महाधमनीतील भेदक व्रण

महाधमनीतील भेदक व्रण हा शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीला होणारा गंभीर विकार आहे. महाधमनीच्या आतील अस्तरावर साचलेला मेदयुक्त थर फुटून त्या जागी व्रण तयार होतो आणि तो आतील स्थितिस्थापक पटल भेदून भिंतीच्या मधल्या थरात शिरतो, तेव्हा त्यास भेदक व्रण म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो ‘पेनिट्रेटिंग एथेरोस्क्लेरोटिक अल्सर’ किंवा ‘पीएयू’ या नावाने ओळखला जातो. मराठी विश्वकोशीय परिभाषेत महाधमनीला महारोहिणी असेही म्हटले जाते.

महाधमनीचे विच्छेदन, भिंतीतील रक्तगुल्म आणि भेदक व्रण या तीन विकारांना एकत्रितपणे तीव्र महाधमनी लक्षणसमूह म्हणतात. या समूहातील रुग्णांपैकी सुमारे २ ते ७ टक्के रुग्णांमध्ये भेदक व्रण हे मूळ कारण असते. हा विकार मुख्यतः उतारवयात, दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्या व तंबाखूचे सेवन करणाऱ्या व्यक्तींमध्ये आढळतो. काही रुग्णांमध्ये तो वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहतो, तर काहींमध्ये महाधमनी फुटून अल्पावधीत मृत्यू ओढवतो. त्यामुळे कोणत्या व्रणावर तातडीने हस्तक्षेप करावा आणि कोणत्या व्रणावर केवळ लक्ष ठेवावे, हा या विकाराच्या उपचारातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

महाधमनीची रचना

महाधमनी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघते. तिचा पहिला भाग वर जातो. त्यास आरोही महाधमनी म्हणतात. पुढे ती कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत छातीतून खाली उतरते. हा भाग म्हणजे अवरोही महाधमनी होय. मध्यपटल ओलांडल्यावर ती उदरीय महाधमनी होते आणि बेंबीच्या पातळीजवळ दोन शाखांत विभागते. प्रौढ व्यक्तीत अवरोही महाधमनीचा व्यास साधारणतः अडीच सेंटिमीटर असतो, तर भिंतीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते.

ही भिंत तीन थरांची असते. रक्ताशी संपर्क असलेला नाजूक थर म्हणजे अंतःस्तर. त्याबाहेरील मध्यस्तर स्थितिस्थापक तंतू व स्नायुपेशी यांचा बनलेला असून हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब तोच पेलतो. सर्वांत बाहेरचा बाह्यस्तर तंतुमय असतो. अंतःस्तर आणि मध्यस्तर यांच्या सीमेवर आंतरिक स्थितिस्थापक पटल असते. व्रण या पटलाच्या आतच थांबला, तर त्यास केवळ व्रणयुक्त मेदथर म्हणतात. पटल ओलांडले गेले की तोच व्रण भेदक ठरतो. दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या अंशाइतके असले, तरी पुढील धोक्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

विकाराची प्रक्रिया

एथेरोस्क्लेरोसिस अर्थात रोहिणीविलेपी विकारात अंतःस्तराखाली कोलेस्टेरॉल, दाहपेशी आणि कॅल्शियम यांचे थर साचतात. अशा थरावरील तंतुमय आवरण झिजून फुटले, की आतील मऊ द्रव्य रक्तप्रवाहात निघून जाते आणि मागे खळगा उरतो. उच्च रक्तदाबाखाली वाहणारे रक्त या खळग्यावर सतत आघात करते व तो खोल होत जातो.

व्रण मध्यस्तरात पोहोचल्यानंतर पुढील घटना निरनिराळ्या दिशांनी जाऊ शकतात.

• मध्यस्तरात रक्त झिरपून भिंतीतील रक्तगुल्म तयार होतो.
• भिंतीचे थर एकमेकांपासून सुटून विच्छेदन होते. मात्र दीर्घकालीन विकारामुळे मध्यस्तर व्रणांकित व कठीण झालेला असल्याने असे विच्छेदन बहुधा मर्यादित लांबीचे राहते.
• भिंत एका बाजूने पिशवीसारखी फुगून धमनीविस्फार निर्माण होतो.
• व्रण बाह्यस्तरापर्यंत पोहोचल्यास केवळ त्या थराने किंवा भोवतालच्या ऊतींनी रोखलेला आभासी विस्फार तयार होतो.
• बाह्यस्तरही तुटल्यास महाधमनी फुटते आणि छातीत किंवा उदरात रक्तस्राव होतो.

भिंतीवरील ताण हा रक्तदाब व वाहिनीची त्रिज्या यांच्या प्रमाणात वाढतो आणि भिंतीची जाडी वाढल्यास कमी होतो. व्रणाच्या तळाशी भिंत पातळ झालेली असते. म्हणून इतरत्र सहज पेलला जाणारा रक्तदाब त्या एका जागी धोकादायक ठरतो. रक्तदाब खाली आणणे हा उपचाराचा पाया असण्यामागे हेच कारण आहे.

भेदक व्रण बहुतांशी अवरोही महाधमनीच्या मधल्या व खालच्या भागात आढळतात, कारण मेदथरांचे प्रमाण तेथे अधिक असते. आरोही महाधमनीत रक्तप्रवाह वेगवान असतो व मेदथर कमी साचतात. तेथे हा विकार विरळा असला, तरी झाल्यास अधिक घातक असतो. एकाच रुग्णात अनेक व्रण असणे असामान्य नाही.

इतिहास

महाधमनीच्या मेदथरातील व्रणातून भिंत भेदली जाऊ शकते, ही नोंद ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ थिओडोर शेनन यांनी १९३४ मध्ये विच्छेदनावरील आपल्या अभ्यासात केली. त्यानंतर दीर्घकाळ हा विकार मुख्यतः शवविच्छेदनातच दिसत असे. सीटी स्कॅन प्रचारात आल्यावर जिवंत रुग्णात तो ओळखणे शक्य झाले. १९८६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील स्टॅन्सन व सहकाऱ्यांनी त्याचे चिकित्साविषयक स्वरूप सविस्तर मांडले आणि विच्छेदनाहून वेगळा विकार म्हणून त्यास स्थान मिळाले.

उपचारांच्या इतिहासात आच्छादित स्टेंटचा शोध निर्णायक ठरला. युक्रेनमधील खारकिव येथे निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत असे उपकरण बसवले. अर्जेंटिनाचे हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये उदरीय महाधमनीसाठी ही पद्धत वापरली व १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मायकेल डेक व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये छातीतील धमनीविस्फारांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि छाती न उघडता उपचार करण्याचा मार्ग रूढ होऊ लागला.

कारणे व जोखीम घटक

वाढते वय, उच्च रक्तदाब, धूम्रपान, रक्तातील कोलेस्टेरॉलचे अधिक प्रमाण आणि दीर्घकालीन मूत्रपिंडविकार हे प्रमुख जोखीम घटक आहेत. अशा रुग्णांमध्ये हृदयाच्या व पायांच्या धमन्यांचे विकार, उदरीय धमनीविस्फार किंवा श्वसनमार्गाचा दीर्घकालीन अवरोध अनेकदा जोडीला असतो. शस्त्रक्रियेचा धोका ठरवताना या सहव्याधींचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्रात तंबाखूचा वापर सिगारेट व विडीपुरता मर्यादित नाही. चुना लावून मळलेली तंबाखू आणि भाजलेल्या तंबाखूची मशेरी यांचे सेवन ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्येही, आढळते. धूररहित तंबाखूतील निकोटीनही नाडीची गती व रक्तदाब तात्पुरता वाढवते. त्यामुळे केवळ ‘धूम्रपान करता का’ एवढ्या प्रश्नावर रुग्णाचा तंबाखूचा इतिहास पूर्ण होत नाही.

लक्षणे

अचानक उद्भवणारी तीव्र वेदना हे मुख्य लक्षण होय. आरोही भागातील व्रणात ती छातीच्या पुढील बाजूस, तर अवरोही भागातील व्रणात दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये किंवा पाठीच्या खालच्या भागात जाणवते. उदरीय महाधमनीतील व्रणामुळे पोटात किंवा कमरेत दुखते. वेदना सुरुवातीपासूनच कमाल तीव्रतेची असणे हे महाधमनीच्या विकारांचे वैशिष्ट्य मानले जाते.

कमी वेळा आढळणारी लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत: स्वरयंत्राच्या डाव्या चेतातंतूवर दाब आल्याने आवाज घोगरा होणे, अन्ननलिकेवरील दाबामुळे गिळण्यास त्रास होणे, खोकल्यातून रक्त पडणे, तसेच व्रणातील कण निसटून पायांच्या बोटांतील सूक्ष्म धमन्या बंद झाल्याने बोटे निळसर पडणे. विच्छेदनात दिसणारा दोन्ही हातांच्या नाडीतील फरक किंवा महाधमनी झडपेची गळती भेदक व्रणात सहसा आढळत नाही. म्हणून या खुणा नसल्या, तरी विकार नाही असे ठरत नाही.

अनेक व्रण कोणतेही लक्षण न दाखवता अन्य कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने सापडतात.

पाठीत उसण भरली, वात धरला किंवा पोटात गॅस झाला असे समजून घरगुती उपायांत वेळ जाणे हा या विकारातील मोठा धोका आहे. स्नायूंच्या दुखण्यात विशिष्ट हालचालीने वेदना वाढते आणि विश्रांतीने कमी होते. महाधमनीची वेदना बहुधा शरीराच्या स्थितीनुसार बदलत नाही. उच्च रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णास पूर्वी कधीही न झालेली अशी वेदना अचानक सुरू झाली, तर तिची तपासणी विनाविलंब होणे आवश्यक असते.

निदान

प्राथमिक तपासण्या

दोन्ही हातांतील रक्तदाब, सर्व अवयवांतील नाडी, हृदयाचे ध्वनी व चेतासंस्था यांची तपासणी प्रथम केली जाते. हृदयविद्युत आलेख अर्थात ईसीजी काढणे अनिवार्य असते. हृदयविकाराचा झटका आणि महाधमनीचा विकार यांची वेदना सारखी असली, तरी उपचार परस्परविरोधी आहेत. झटक्यात दिली जाणारी गुठळी विरघळवणारी औषधे महाधमनीच्या व्रणात प्राणघातक रक्तस्राव घडवू शकतात. ईसीजी सामान्य असूनही वेदना तीव्र असल्यास महाधमनीकडे लक्ष वळवणे गरजेचे ठरते.

छातीच्या क्ष-किरण चित्रात मध्यावकाश रुंदावलेला किंवा फुप्फुसावरणात द्रव साचलेला दिसू शकतो. परंतु सामान्य क्ष-किरण चित्राने विकार नाकारता येत नाही. रक्तातील डी-डायमर या घटकाची चाचणी विच्छेदन नाकारण्यास उपयोगी पडते. भेदक व्रणात व रक्तगुल्मात मात्र ती सामान्य येण्याची शक्यता अधिक असल्याने तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही.

सीटी अँजिओग्राफी

निदानाची प्रमुख पद्धत सीटी अँजिओग्राफी ही आहे. ती अल्पावधीत होते आणि मानेपासून जांघेपर्यंतची संपूर्ण महाधमनी दाखवते. प्रथम रंगद्रव्याविना चित्रे घेतली जातात. या चित्रांत भिंतीतील ताजे रक्त चंद्रकोरीच्या आकाराच्या अधिक उजळ पट्ट्यासारखे दिसते. रंगद्रव्य दिल्यानंतर ही खूण झाकली जाऊ शकते. त्यानंतर शिरेतून आयोडीनयुक्त रंगद्रव्य देऊन पुन्हा चित्रे घेतात.

भेदक व्रण रंगद्रव्याने भरलेल्या, कडा खडबडीत असलेल्या खळग्याच्या रूपात महाधमनीच्या मूळ सीमारेषेबाहेर डोकावताना दिसतो. भोवती मेदथर व कॅल्शियमचे साठे असतात. विच्छेदनात दिसणारा, दोन पोकळ्यांना विभागणारा पातळ पडदा येथे नसतो. आरोही महाधमनी हृदयाच्या ठोक्याबरोबर हलत असल्याने त्या भागाची चित्रे ईसीजीशी जुळवून घेतल्यास अस्पष्टता टळते.

अहवालात व्रणाचे स्थान, तोंडाची रुंदी, खोली, त्या जागी महाधमनीचा एकूण व्यास, सोबतचा रक्तगुल्म, फुप्फुसावरणातील द्रव आणि जवळच्या शाखांपासूनचे अंतर यांची नोंद अपेक्षित असते. पुढील तपासणीत व्रण वाढला की नाही, हे याच मोजमापांच्या तुलनेवरून ठरते.

इतर प्रतिमाचित्रण

एमआरआय तपासणीत किरणोत्सर्ग नसतो आणि भिंतीतील रक्त ताजे आहे की जुने, हे समजण्यास तिची मदत होते. मात्र तिला वेळ अधिक लागतो आणि कॅल्शियमचे साठे तीत नीट दिसत नाहीत. अन्ननलिकेतून केलेली इकोकार्डिओग्राफी अस्थिर रुग्णात खाटेजवळ किंवा शस्त्रक्रियागृहात करता येते. पूर्वी निकष मानली जाणारी नलिकेद्वारे केलेली अँजिओग्राफी केवळ वाहिनीची पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही. त्यामुळे निदानासाठी तिचा वापर आता क्वचितच होतो.

साधर्म्य असलेले विकार

रक्तगुल्म असलेल्या भिंतीत कालांतराने दिसणारा व्रणसदृश उंचवटा हा मेदथराशी संबंधित नसतो. सोबत फारसे एथेरोस्क्लेरोसिस नसल्यास तो भेदक व्रणापासून वेगळा ओळखता येतो. जंतुसंसर्गामुळे झालेला विस्फार झपाट्याने वाढतो. सोबत ताप व रक्तातील दाहदर्शक घटकांची वाढ असते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. भारतात तरुण रुग्णाच्या महाधमनीची भिंत विकृत आढळल्यास ताकायासू धमनीशोथ आणि क्षयरोगजन्य महाधमनीशोथ यांचाही विचार करावा लागतो.

उपचार

तातडीचे वैद्यकीय उपचार

लक्षणे असलेल्या प्रत्येक रुग्णास अतिदक्षता विभागात ठेवून वेदना, हृदयगती आणि रक्तदाब यांवर नियंत्रण मिळवले जाते. वेदनेमुळे रक्तदाब वाढतो, म्हणून फेंटानिल किंवा मॉर्फिनसारखी प्रभावी वेदनाशामके दिली जातात. त्यानंतर एस्मोलॉल किंवा लॅबेटालॉल ही बीटा-रोधक औषधे शिरेतून देतात. हृदयगती मिनिटाला ६० ते ८० आणि वरचा रक्तदाब १२० मिलिमीटरच्या खाली ठेवणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. मात्र मेंदू व मूत्रपिंडांना पुरेसा रक्तपुरवठा राहील याची खबरदारी घेतली जाते.

औषधांचा क्रम महत्त्वाचा आहे. रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे आधी दिल्यास प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयगती वाढते आणि भिंतीवरील आघात अधिक तीव्र होतात. म्हणून बीटा-रोधक प्रथम आणि गरज भासल्यास वाहिनीविस्फारक नंतर, असा क्रम पाळतात.

हस्तक्षेपाचे निकष

आरोही महाधमनीतील लक्षणयुक्त व्रणावर, विशेषतः सोबत रक्तगुल्म असल्यास, तातडीच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. अवरोही भागातील गुंतागुंतरहित व्रणावर प्रथम औषधोपचार करतात. महाधमनी फुटल्यास किंवा फुटण्याच्या बेतात असल्यास, अथवा औषधांनंतरही वेदना कायम राहिल्यास वा परतल्यास हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी व अमेरिकन हार्ट असोसिएशन यांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याच्या प्रतिमाचिन्हांमध्ये व्रणाची रुंदी १३ ते २० मिलिमीटर किंवा अधिक असणे, खोली १० मिलिमीटर किंवा अधिक असणे, व्रण लक्षणीय वाढणे, पिशवीसारखा विस्फार असणे आणि फुप्फुसावरणातील द्रव वाढत जाणे यांचा समावेश आहे.

आच्छादित स्टेंट

अवरोही महाधमनीतील व्रणासाठी आच्छादित स्टेंट ही पसंतीची पद्धत आहे. धातूच्या जाळीवर पॉलिएस्टर किंवा तत्सम कापड चढवलेली ही नळी घडी केलेल्या अवस्थेत जांघेतील धमनीतून वर नेतात आणि क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली व्रणासमोर उघडतात. व्रणावर पडणारा रक्ताचा दाब त्यामुळे थांबतो. विकार एका लहान जागेपुरता मर्यादित असल्याने अनेक रुग्णांत आखूड स्टेंट पुरतो. व्रणाच्या वर व खाली सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी भिंत उपलब्ध असणे मात्र आवश्यक असते.

व्रण डाव्या हाताच्या धमनीच्या मुखाजवळ असल्यास ती धमनी मानेतील धमनीशी जोडून मगच स्टेंट बसवावा लागू शकतो. पक्षाघात, मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होऊन पायांतील शक्ती जाणे, स्टेंटभोवती रक्त झिरपत राहणे, जांघेतील धमनीला इजा होणे आणि आरोही भागात नवे विच्छेदन होणे या संभाव्य गुंतागुंती आहेत. महाधमनीचा दीर्घ भाग झाकायचा असल्यास मज्जारज्जूच्या रक्षणासाठी मेरुद्रव काढण्याची नलिका बसवली जाते.

खुली शस्त्रक्रिया

आरोही महाधमनीतील व्रणासाठी छाती उघडून, हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने विकृत भाग काढून त्या जागी कृत्रिम नळी शिवली जाते. कमानीचा भाग बदलताना शरीराचे तापमान कमी करून रक्ताभिसरण काही काळ थांबवावे लागते. अवरोही भागात ही शस्त्रक्रिया आता मुख्यतः स्टेंट बसवणे शक्य नसलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांसाठी राखून ठेवली जाते.

रोगाचा प्रवास व मतभेद

भेदक व्रण किती घातक आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत. येल विद्यापीठातील कोडी व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अहवालात महाधमनी फुटण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आढळले. ते विच्छेदनातील प्रमाणापेक्षा बरेच जास्त होते. याउलट मेयो क्लिनिकमधील १०५ रुग्णांवरील २००४ च्या अहवालात अवरोही भागातील अनेक रुग्ण औषधोपचारांवर सुखरूप राहिल्याचे दिसले.

या तफावतीचे एक कारण रुग्णांच्या निवडीत आहे. वेदनेमुळे शल्यचिकित्सा केंद्राकडे पाठवलेल्या रुग्णांचा समूह आणि योगायोगाने सापडलेल्या व्रणांचा समूह यांची तुलना थेट करता येत नाही. लक्षणयुक्त व लक्षणरहित व्रणांचा विचार स्वतंत्रपणे करण्याची पद्धत यातूनच दृढ झाली. लक्षणे नसलेल्या लहान व्रणावर स्टेंट बसवल्यास प्रक्रियेचा धोका विकाराच्या धोक्याहून अधिक ठरू शकतो.

रायगड किनारपट्टीवरील उपचारमार्ग

महाधमनीच्या विकारात वेळेला असलेले महत्त्व उपचारकेंद्रापासून दूर असलेल्या गावांच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. रायगड जिल्ह्यातील नागाव हे अलिबाग–रेवदंडा मार्गावरील, नारळ-सुपारीच्या वाड्यांसाठी व समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखले जाणारे गाव अलिबागपासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. जिल्हा सामान्य रुग्णालय अलिबाग येथे आहे. महाधमनीवरील शस्त्रक्रिया व स्टेंट यांसाठी मात्र रुग्णास सामान्यतः नवी मुंबई किंवा मुंबईकडे न्यावे लागते. मुंबईतील परळचे केईएम रुग्णालय आणि भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय येथे हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे सार्वजनिक विभाग आहेत.

अलिबागहून मुंबईचा रस्ता वडखळ, पेण व पनवेलमार्गे सुमारे १०० किलोमीटरचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूने दक्षिण व मध्य मुंबई गाठण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध झाला. मांडवा ते भाऊचा धक्का ही वाहने नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोटसेवा पावसाळ्यात बंद असते. जलमार्ग ठरावीक वेळापत्रकावर व हवामानावर अवलंबून असल्याने रात्रीच्या आणीबाणीत रस्ता हाच मुख्य आधार राहतो.

या परिस्थितीत पहिल्या वैद्यकीय संपर्काच्या ठिकाणी झालेली कृती निर्णायक ठरते. दोन्ही हातांतील रक्तदाब मोजणे, ईसीजी काढणे, वेदनाशामक देणे, रक्तदाब नियंत्रणात आणणे, महाधमनीच्या विकाराची शंका असल्यास गुठळी विरघळवणारे औषध टाळणे आणि पुढील रुग्णालयास आगाऊ कळवणे या गोष्टी प्रवास सुरू होण्यापूर्वी करता येतात. सीटी स्कॅन कोठे होईल आणि त्याच ठिकाणी शस्त्रक्रियेची सोय आहे काय, हे आधी ठरल्यास रुग्णाची दोनदा हलवाहलव टळते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

खर्चाच्या दृष्टीने, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. संलग्न रुग्णालयांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या अनेक उपचारांचा तीत समावेश आहे.

पाठपुरावा व प्रतिबंध

औषधोपचारांवर ठेवलेल्या रुग्णाची सीटी किंवा एमआरआय तपासणी प्रथम काही आठवड्यांत, नंतर साधारणतः सहा महिन्यांनी व एक वर्षाने आणि पुढे स्थितीनुसार ठरावीक अंतराने केली जाते. स्टेंट बसवलेल्या रुग्णासही आयुष्यभर तपासणी आवश्यक असते, कारण स्टेंट एका व्रणास झाकतो. उर्वरित महाधमनीतील मूळ विकार तसाच राहतो. जुन्या तपासण्यांच्या चित्रफिती किंवा डिस्क जपून ठेवल्यास व्रणाच्या वाढीची अचूक तुलना करता येते.

रक्तदाबाची औषधे नियमित घेणे, स्टॅटिन गटातील औषधांनी कोलेस्टेरॉल कमी ठेवणे आणि तंबाखू कोणत्याही स्वरूपात पूर्णतः सोडणे हे दीर्घकालीन उपचाराचे प्रमुख घटक आहेत. बरे वाटू लागल्यावर औषधे परस्पर थांबवल्यास रक्तदाब पुन्हा उसळतो. बीटा-रोधक औषध अचानक बंद करणे विशेष धोक्याचे असते. जड ओझी उचलणे, श्वास रोखून जोर लावणे व तीव्र बद्धकोष्ठतेत कुंथणे यांमुळे रक्तदाब क्षणात वाढतो, म्हणून ते टाळण्याचा सल्ला दिला जातो. हलके चालणे मात्र बहुतेक स्थिर रुग्णांस सुरक्षित व हितकारक असते.

हे सुद्धा पहा

• महाधमनी
• महाधमनी विच्छेदन
• धमनीविस्फार
• एथेरोस्क्लेरोसिस
• उच्च रक्तदाब
• ताकायासू धमनीशोथ